पांडवांचा सेनापती कोण?

गणपतीत आमच्या कॉलनीत प्रश्नमंजुषा असते. प्रश्न काढायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या खेपेला मी एक प्रश्न घातला होता: महाभारताच्या युद्धात पांडवांचा सेनापती कोण? मला वाटलं होतं, हा फुकटचा गुण आहे. पहिलं उत्तर आलं, कृष्ण. मग अर्जुन. मग भीम. तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी ठणकावून युधिष्ठिर सांगितलं आणि मी ‘नाही’ म्हटल्यावर माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

उत्तर आहे धृष्टद्युम्न. द्रुपदाचा मुलगा, द्रौपदीचा भाऊ. कौरवांना सेनापती बदलावे लागले: भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन, शल्य अर्धा दिवस, आणि सगळं संपल्यावर रात्रीच्या कत्तलीपुरता अश्वत्थामा. ही नावं कोणालाही विचारा, धडाधड सांगतील. पांडवांकडे पहिल्या दिवशी जो होता तोच अठराव्या दिवशीही होता. शिवाय तो जिंकलेल्या बाजूचा. तरी त्याचं नाव एकाही खुर्चीतून आलं नाही.

त्या दिवशी मामा आरतीला आले होते. माझ्या आईचे धाकटे भाऊ. फौजेत सिग्नल्समध्ये, म्हणजे दळणवळणाच्या विभागात होते, सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले आणि इंदूरजवळच्या महूलाच घर बांधून राहिले. (महूचं नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झालं. बाबासाहेबांचा जन्म तिथला, त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. पण इंदुरात बोलताना अजून सगळ्यांच्या तोंडी महूच येतं.) प्रसादाचा शिरा खाता खाता मामा म्हणाले, “लोकांना वाटतं, सगळ्यात भारी लढतो तो सेनापती. अरे, भारी लढणाऱ्याला लढायला ठेवतात. सेनापती म्हणजे ज्याचा फोन लागतो तो.”

सिग्नलवाला माणूस, त्याला सगळीकडे फोनच दिसणार, असं म्हणून मी हसून सोडून दिलं. पण नंतर जसजसं वाचत गेलो तसतसं ते वाक्य डोक्यातून जाईना. सेनापती नक्की करतो काय, आणि गोष्टींमध्ये तो नेहमी घोड्यावर सगळ्यांच्या पुढेच का असतो, हे जरा उलगडून बघू.

तीनाचा पाढा

एका माणसाच्या हुकमावर लाखभर माणसं चालतात, हे ऐकायला छान वाटतं, पण तसं कधीच होत नाही. एक माणूस एका वेळी चार-पाच जणांशी धड बोलू शकतो. लग्नघरात बघा. सगळं एकट्याने बघतो म्हणणारा काका दुपारपर्यंत घसा बसून कोपऱ्यात सापडतो. ज्या घरात स्वयंपाक एकाकडे, वऱ्हाड एकाकडे आणि भटजींचं सामान एकाकडे सोपवलेलं असतं, तिथे मुहूर्त गाठला जातो. जगातल्या सगळ्या फौजांनी हीच युक्ती वापरली आहे.

महाभारतात तर तिचा चक्क हिशेब दिलाय. एक रथ, एक हत्ती, तीन घोडेस्वार आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचं गुल्म, पुढे गण, वाहिनी, पृतना, चमू आणि अनीकिनी, दर पायरीला तिप्पट. दहा अनीकिनी म्हणजे एक अक्षौहिणी, तिच्यात २१,८७० रथ. सात वेळा तीनाने गुणा आणि शेवटी दहाने, आकडा बरोबर येतो. अशा अकरा अक्षौहिणी कौरवांकडे आणि सात पांडवांकडे. एवढी फौज खरोखर कुरुक्षेत्रावर मावली असती का, हा वाद वेगळा. मला त्यात कौतुक याचं वाटतं की हे लिहिणाऱ्याला फौज कशी बांधतात ते पक्कं ठाऊक होतं.

कारण आजचं पायदळ बघा. दहाएक जवानांचा एक सेक्शन. तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. चार रायफल कंपन्या आणि जोडीला तोफा-रसद-दळणवळण सांभाळणारी माणसं मिळून पलटण, साधारण आठशे माणसांची. तिचा प्रमुख कर्नल, म्हणजे जवानांचा ‘सीओ साब’. तीन पलटणींची ब्रिगेड, बहुधा तीन ब्रिगेडींची डिव्हिजन, वर कोर, आणि त्याही वर कमांड. भारतीय सेनेच्या अशा सात कमांड आहेत, सहा लढाईच्या आणि एक प्रशिक्षणाची. ही प्रशिक्षणाची कमांड १९९१ साली महूलाच सुरू झाली होती, दोन वर्षांनी शिमल्याला गेली. मामा ही गोष्ट अशी सांगतात की जणू त्यांच्या अंगणातलं झाड कोणी उपटून नेलं.

म्हणजे कमांडर हा एकच एक माणूस नसतो, दर पायरीला एक असतो. दहा जणांचा हवालदारही कमांडरच. काम सगळ्यांचं तेच: वरून आलेल्या हुकमाचा अर्थ लावायचा, आपलं ठरवायचं, खाली सांगायचं आणि जे घडेल त्याची जबाबदारी घ्यायची. फरक पडतो तो नजरेत. हवालदाराला आपली दहाही माणसं दिसतात. कोण दमलंय, कोणाचे हात थरथरताहेत, सगळं. कंपनी कमांडरला टेकडीच्या अलीकडचं दिसतं, पलीकडचं नाही. आणि डिव्हिजनचा जनरल लढाई बघत नसतो, तो लढाईबद्दल ऐकत असतो. हुद्दा जितका मोठा, तितकं स्वतःच्या डोळ्यांना कमी दिसतं आणि दुसऱ्याच्या तोंडून जास्त कळतं, तेही उशिरा आणि अर्धवट.

आता मामांचा फोन समजायला लागला असेल.

रंगपंचमीचा धडा

नेपोलियनशी लढलेला क्लाउझेविट्झ नावाचा एक प्रशियन अधिकारी होता. त्याचं युद्धावरचं पुस्तक त्याच्या मरणानंतर १८३२ साली बाहेर आलं आणि आजही महूच्या शाळांत अधिकाऱ्यांना त्याच्याशी झटावं लागतं. त्याचे दोन शब्द फार कामाचे आहेत. एक धुकं: युद्धातली निम्म्याहून जास्त माहिती धुक्यातून दिसावी तशी असते. दुसरा घर्षण: युद्धात सगळं सोपंच असतं, पण सोपी गोष्टच करणं अवघड होऊन बसतं. पाऊस येतो, नकाशा चुकतो, निरोप्या वाट चुकतो, कोणाचं तरी पोट बिघडतं.

पुस्तकातलं घर्षण मला राजवाड्यावर कळलं. रंगपंचमीची इंदूरची गेर ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो: राजवाड्यासमोर मुंगीला जागा नसते, टँकरमधून रंगाचे फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत उडत असतात, ढोल-डीजे असा की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. एका वर्षी मी बाराजणांना घेऊन गेलो. पुण्याची भाचरं होती, त्यांना इंदूर दाखवायचं होतं. मी पुढारी. माझी योजना अशी की सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, मी सांगीन तसं वळायचं, आणि चुकामूक झाली तर मला फोन करायचा. दहाव्या मिनिटाला गुलालाचा पहिला लोट आला आणि हात सुटले. फोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, नेटवर्क बसलेलं. मी एका ओट्यावर उभं राहून हातवारे करत होतो आणि खालचे लोक मला नाचतोय समजून टाळ्या देत होते. सगळे सापडायला चार वाजले. एक भाचा तर सराफ्यात कोणाच्या तरी घरी बसून कचोरी खात होता. त्याला परत यायचीही घाई नव्हती.

पुढच्या वर्षी मामांनी सांगितलं ते इतकंच: “आपल्याला गेर बघायची आहे आणि दुपारच्या जेवणाला सगळे घरी हवेत. त्यासाठी दीड वाजता कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी. कोण कुठून, कसा येतो ते ज्याचं त्याने बघावं. लहान पोर ज्याच्याजवळ दिसेल त्याने उचलावं, कोणाचं ते विचारू नये.” संपलं. हात धरायचे नाहीत, फोन नाही. दीडला अकराजण हजर, बारावा पावणेदोनला.

फौजेच्या भाषेत याला कमांडरचा इरादा म्हणतात. काय साधायचं आणि कशासाठी, हे स्वच्छ सांगायचं. कसं साधायचं ते समोर असलेल्यावर सोडायचं. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या फौजेने ही पद्धत बसवली. त्यांचा सेनाप्रमुख मोल्टके म्हणायचा की शत्रूच्या मुख्य फौजेशी पहिली गाठ पडली की त्यापुढे कोणतीही योजना खात्रीने चालत नाही. ऐकायला हे ढिलाईचं वाटतं, पण पद्धत कडक आहे. हाताखालच्या माणसाला दोन पायऱ्या वरच्याच्या मनात काय आहे ते माहीत असावं लागतं, म्हणजे हुकूम पोचला नाही तरी तो पोचला असता तर काय म्हणाला असता ते त्याला कळतं.

याचा आपल्याकडचा झणझणीत नमुना म्हणजे डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानात त्रिपुराच्या बाजूने शिरलेल्या चौथ्या कोरचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल सगत सिंग. त्यांच्या कोरला दिलेलं काम मेघना नदीच्या अलीकडच्या तीरापर्यंतचं होतं. मेघना काही आपली कान्ह नदी नव्हे, किलोमीटरभराहून रुंद पात्र. तिच्यावरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी फौजेने मागे हटताना उडवून दिला. हुकूमाच्या शब्दाला धरून चालायचं तर तिथे थांबणं रास्त होतं. पण हे सगळं चाललंय ढाक्यासाठी, आणि ढाका पलीकडे मोकळं पडलंय, हे सगत सिंगांना दिसत होतं. ९ डिसेंबरपासून त्यांनी हेलिकॉप्टरच्या खेपा लावून पलटणी नदीपार उतरवल्या. आठवड्याभरात, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. एक मात्र खरं, ते उलटं पडलं असतं तर हीच गोष्ट आज्ञाभंग म्हणून शिकवली गेली असती. कमांडर हा धंदा असा आहे.

रिकामी अंबारी

सेनापतीने पुढे असावं की मागे? या प्रश्नावर मराठी माणसाशी बोलायचं तर पानिपतावाचून सुटका नाही.

१४ जानेवारी १७६१. मराठी फौज उपासमारीला कंटाळून बाहेर पडली होती. मोठा गोल करून, तोफा आणि इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी घेऊन, बायका-बुणगे मध्ये ठेवून पुढे सरकायचं असा बेत. दुपारपर्यंत पारडं बरंचसं मराठ्यांकडे होतं. गारद्यांनी रोहिल्यांची कत्तल उडवली होती. पण शत्रू हटतोय म्हटल्यावर विंचूरकर आणि दमाजी गायकवाडांचं घोडदळ गोल सोडून पुढे उधळलं आणि आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आलं. गोलाची शिस्त मोडली. कोणाचा हेतू वाईट नव्हता, मराठी घोडेस्वाराला पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलेलं होतं. सगळ्यांनी जागा धरून सरकायचं, हा भाऊसाहेबांच्या डोक्यातला बेत मात्र त्या घोड्यांपर्यंत पोचलेला नव्हता.

तिकडे अब्दाली काय करत होता? तो मागे होता. पळून आलेल्या आपल्या लोकांना त्याने शिपाई लावून परत आघाडीवर हाकललं आणि राखून ठेवलेली ताजी फौज, उंटांवरच्या जंबुरक्यांसकट, म्हणजे छोट्या तोफांसकट, दुपारनंतर रणात घातली. ही राखीव फौज नीट समजून घ्या, कारण लढाई सुरू झाल्यावर सेनापतीच्या हातात खरं म्हणजे एवढंच उरतं. जी माणसं भिडली ती भिडली, त्यांना वळवता येत नाही, थांबवता येत नाही. न भिडलेली जी आहेत ती कुठे आणि कधी घालायची, हाच त्याचा शेवटचा शब्द. म्हणून तो मागे थांबतो. भित्रेपणाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

मग विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवर होते. पुतण्या पडलेला पाहून ते हत्तीवरून उतरले, घोडा मागवला आणि लढाईत शिरले. आता हे मैदानावरच्या एखाद्या पागेतून बघा. तुम्हाला हुकूम ऐकू येत नाही, धुरात काही दिसत नाही, पण हत्तीवरची अंबारी लांबून दिसते. ती आहे तोवर ‘भाऊ आहेत’ इतकं कळतं. तीच त्या काळची लागलेली फोनलाइन. आणि मग दिसतं की अंबारी रिकामी आहे.

त्या क्षणाला भाऊ मेलेले नव्हते, उलट जिवाच्या आकांताने लढत होते. पण त्यांच्या लढण्याने वाढली ती एक तलवार, आणि त्यांच्या न दिसण्याने सेनापती गेला. पुढे फौज फुटली.

उजव्या बगलेवर शिंद्यांच्या जोडीला होते मल्हारराव होळकर. ते आपली फौज घेऊन बाहेर पडले. इथे आम्ही इंदूरकर जरा आवाज खाली आणतो. कोणी म्हणतं, बायकांना सुखरूप न्यायला भाऊंनीच सांगितलं होतं, कोणी सरळ पळाले म्हणतं. मला एवढंच दिसतं की बुणगे मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, हा सल्ला मोहिमेच्या सुरुवातीलाच त्यांनी दिला होता आणि तो मानला गेला नव्हता. ज्याला बेत पटलेला नाही असा सरदार बगलेवर ठेवून लढाईला उभं राहणं, हीही सेनापतीचीच चूक धरायला हवी.

या रिकाम्या अंबारीचा आणखी एक परिणाम झाला. भाऊ पडताना खात्रीचं कोणी पाहिलं नाही, म्हणून ते गेले हे पुष्कळांनी मानलंच नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं गोळा झाली आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत पुण्याला त्याने बराच घोर लावला. सेनापती जिथे दिसेनासा होतो, नेमकी तिथेच गोष्ट सुरू होते.

गोष्टीतला सेनापती

आणि गोष्टीला घोडाच हवा असतो. त्यात लेखकांचा दोष कमी आहे. निर्णय दिसत नाही हो. एक माणूस तंबूत बसलाय, पुढ्यात कागद, तीन उलटसुलट बातम्या, आणि त्याने ठरवलं की राखीव फौज अजून तासभर हलवायची नाही. कदाचित सगळी लढाई त्या तासावर जिंकली असेल. पण पडद्यावर काय दाखवणार? न हलणारी फौज? म्हणून मालिकावाला सेनापतीला उठवतो, घोड्यावर बसवतो, तलवार उपसायला लावतो आणि पाठीमागे ढोल वाजवतो. पोवाड्यात तर नायक मागे थांबूच शकत नाही, डफावर थाप पडते ती वार केल्यावर.

दाणावैरणीचंही तसंच. पानिपताच्या आधीचे कित्येक महिने भाऊसाहेब पैशाच्या आणि धान्याच्या मागे होते. गोविंदपंत बुंदेल्यांनी शत्रूची रसद तोडावी आणि आपल्याला पैसा पोचवावा, म्हणून पत्रांवर पत्रं. सेनापतीच्या दिवसाचे बहुतेक तास अशाच कामात जातात. कादंबरीत त्याला एक परिच्छेद मिळतो, तोही पुढच्या प्रकरणात उपासमार दाखवायची असते म्हणून.

दत्ताजी शिंद्यांचं ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ आपण लहानपणी छाती फुगवून म्हटलेलं आहे. १० जानेवारी १७६०, बुराडी घाट. परंपरेने आलेलं वाक्य आहे आणि मला ते अजूनही आवडतं. मामांना एकदा मी ते सुनावलं तर म्हणाले, “वाक्य झकास. पण दत्ताजीराव पडल्यावर उरलेल्या फौजेला पुढे काय करायचं ते कोणी सांगितलं?” मी चिडलो होतो. फौजी माणसाशी शौर्यावर वाद घालू नये, तो हिशेब काढतो.

माझी नववीतली मुलगी मोबाइलवर युद्धाचे खेळ खेळते. मी तिला ऐटीत म्हटलं, तुमच्या खेळात सगळा नकाशा वरून दिसतो, असं सुख कुठल्याही सेनापतीला मिळालेलं नाही. तर म्हणे, “बाबा, नकाशा काळाच असतो, आपला माणूस जातो तिथलाच उजळतो. त्याला धुकंच म्हणतात.” म्हणजे क्लाउझेविट्झ मोबाइलमध्येही पोचलाय. पण मग मी विचारलं, बोट लावलं की तुझा शिपाई जातो ना? दमलोय म्हणतो? ऐकलंच नाही म्हणतो? नाही म्हणत. धुकं घेतलं, घर्षण राहिलं.

खरी माणसंही स्वतःची गोष्ट करून सांगतात. १९७१ च्या एप्रिलमध्ये इंदिराजींनी लगेच चढाई करायला सांगितली आणि आपण पावसाळा, पिकं, हिमालयातल्या खिंडी यांचं कारण देऊन वेळ मागून घेतला, हे फील्ड मार्शल माणेकशॉ पुढे फार रंगवून सांगत. (पन्नासच्या दशकात ते महूच्या इन्फंट्री स्कूलचे प्रमुख होते, हा आमचा एक छोटा अभिमान.) त्यातला नाट्याचा भाग काही अभ्यासकांना पटत नाही. पण फौज निघाली ती डिसेंबरातच, खिंडींवर बर्फ पडल्यावर आणि नद्यांचे पूर ओसरल्यावर. सेनापतीचं एक मोठं काम ‘आत्ता नाही’ म्हणणं हे असतं, ते त्या गोष्टीत नेमकं आलंय. आणि गंमत म्हणजे ते घोड्याशिवाय रंगतं.

मग गोष्टीतल्या सेनापतीत काहीच खरं नसतं का? असतं, आणि एका बाबतीत तो फौजेच्या पुस्तकांच्या पुढे असतो. सेनापतीच्या आत काय चाललंय ते पुस्तकं सांगत नाहीत. पुन्हा भीष्मांकडे या. सेनापतिपद घेतानाच त्यांनी अट घातली की पांडवांना मी मारणार नाही. शिवाय कर्णाशी त्यांचं असं बिनसलं की भीष्म आहेत तोवर मी शस्त्र धरणार नाही म्हणून तो घरी बसला. म्हणजे दहा दिवस कौरवांचा सेनापती अर्ध्या मनाचा आणि सर्वांत तगडा योद्धा बाहेर. नवव्या दिवसाच्या रात्री पांडव त्यांच्याकडेच जातात, तुम्हाला कसं पाडायचं म्हणून विचारायला, आणि भीष्म सांगतात. कुठल्याही युद्धशाळेत हा प्रसंग सोडवायला दिला तर अधिकारी डोकं धरून बसतील. फौज शिस्तीत, व्यूह चोख, अनुभव दांडगा, आणि सेनापतीला आपली बाजू जिंकावी असं मनापासून वाटतच नाही. दुर्योधनाला हे कळत होतं, पण आजोबांना पदावरून काढायचं कसं?

टॉलस्टॉयने दुसऱ्या टोकाचा सेनापती उभा केला. त्याच्या ‘वॉर अँड पीस’मधला रशियन सेनापती कुतुझोव ऑस्टर्लिट्झच्या लढाईच्या आदल्या रात्री युद्धमंडळाच्या बैठकीत चक्क झोपतो. स्वतः क्रिमियात लढून आलेल्या त्या लेखकाचं म्हणणं असं की लढाया सेनापती चालवत नाहीत, चालवल्यासारखं दाखवतात. मला हे सगळं पटत नाही. पण गेरीतल्या ओट्यावर हातवारे करणारा मी आठवलो की निम्मं पटतं.

आणि धृष्टद्युम्न? त्याला व्यासांनी शेवटी एकच प्रसंग दिला, आणि तो भयंकर आहे. युद्ध संपलेलं, शिबिर झोपलेलं, आणि अश्वत्थामा पहिल्यांदा त्याच्याच तंबूत शिरतो. निदान शस्त्राने मार, एवढंच तो मागतो. तेही मिळत नाही.

क्षिप्रेचा उतार

या थंडीत मामांना घेऊन उज्जैनच्या पुढे महिदपूरला गेलो. त्यांना ती जागा बघायची होती. २१ डिसेंबर १८१७ ला इथे होळकरांची फौज इंग्रजांशी लढली. गादीवर मल्हारराव (पानिपतावरचे नव्हेत, तिसरे), वय वर्षं अकरा. कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना आदल्याच दिवशी होळकरांच्याच सरदारांनी याच नदीकाठी मारलं होतं. होळकरांचा सरदार गफूरखान याच्यावर फितुरीचा संशय, जो पुढे तहात त्याला जावरा मिळाल्यावर आणखी पक्का झाला. पलीकडे जनरल हिस्लॉप आणि माल्कम. हिस्लॉपने काही फार चातुर्य दाखवलं असं नाही. एकाच उतारावरून, समोरून तोफांचा मारा चालू असताना फौज नदीपार केली, आणि त्याचे आठशेच्या आसपास लोक मेले-जखमी झाले. होळकरांचे गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत लढले. यशवंतरावांची कन्या भीमाबाई घोडदळ घेऊन लढल्याचं सांगतात. बाकी घोडदळ लवकरच निघून गेलं. १८१८ च्या सहा जानेवारीला मंदसोरचा तह, आणि त्याच वर्षी, इंदूरवर नजर ठेवायला, महूची छावणी.

त्याच महूत आज कंपनी, पलटण, डिव्हिजन सांभाळायला निघालेले अधिकारी शिकायला येतात. आर्मी वॉर कॉलेज तिथेच आहे, आणि मामा जिथे शिकले आणि शिकवायलाही होते ती सिग्नल्सची शाळाही.

क्षिप्रेला पाणी गुडघाभर होतं. एक बाई धुणं आपटत होती, दोन म्हशी मधोमध उभ्या होत्या. मामा बराच वेळ पलीकडचा काठ बघत राहिले. मी वाचलेलं सगळं घडाघडा सांगितलं: तोफा कुठे, घोडदळ कुठे, इंग्रज कुठून उतरले.

“ते कळलं,” मामा म्हणाले. “पण तोफांवरच्या हवालदाराने विचारायचं कोणाला होतं?”

मी मनात नावं काढायला लागलो. अकरा वर्षांचा पोरगा. आदल्या दिवशी मारलेल्या बाई. फितुरीचा संशय असलेला खान.

मामा तोवर उताराकडे निघाले होते. खाली जाऊन त्यांनी चपला काढल्या आणि पाण्यात पाय घातला.